साताऱ्याच्या वाघाची जाहिरात

आमच्या घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. सांगलीच्या पेठेत पुढं भुसाराचं दुकान आणि मागं घर, मध्ये एक दार, आणि त्या दारातून दिवसभर धान्याचे आवाज आत येत. सुपात ज्वारी पाखडल्याचा, पायलीनं पोत्यात गहू ओतल्याचा, हमालानं पाठीवरचं पोतं जमिनीवर टाकल्याचा. माणसाच्या आवाजाचा नंबर त्यात शेवटचा. माझे वडील, म्हणजे अण्णा, गिऱ्हाइकाशी इतकं हळू बोलत की गिऱ्हाईकही आपोआप कुजबुजायला लागे, आणि लांबून बघणाऱ्या नवख्या माणसाला वाटे की इथं काहीतरी चोरीचा माल विकतात. आईला आम्ही आक्का म्हणत असू, कारण घरी येणारे सगळे मामा तिला आक्का म्हणत. ती बोलायची थोडं जास्त, पण तेही भांड्यांच्या मार्फत. आमटीच्या पातेल्यावर झाकण जोरात बसलं की अण्णा ओळखत, आज काहीतरी चुकलं. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. आम्ही जैन, त्यामुळं रात्री चूल नाही, घरात कांदा-लसूण नाही, आणि पाणी गाळून घेतल्याशिवाय तांब्यात नाही. ज्वारीची पांढरी भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि मुगाची घट्ट आमटी, एवढं खाऊन संध्याकाळी सगळी पेठ जागी असताना आमचं घर गप्प होऊन जाई.

असल्या घरात मी हा आवाज घेऊन जन्माला आलो. मी हाक मारली की शेजारच्या गोठ्यातले बैल उठून उभे राहत. मॅट्रिक झाल्यावर अण्णांनी मला दुकानात बसवलं आणि महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की हा पोरगा धंदा बुडवणार. एका बाईला मी आंबेमोहर तांदळाचं असं वर्णन करून सांगितलं की भात शिजला की वास चार घरं पलीकडं जाईल. बाई विचारात पडली. मग म्हणाली, नको बाबा, मग चार घरची माणसं जेवायला येतील. आणि तिनं समोरच्या दुकानातून जाडाभरडा तांदूळ घेतला. संध्याकाळी अण्णा आक्काला एवढंच म्हणाले, "ह्याला बोलायचं काम बघाय पायजे. दुसरं कशात ह्यो टिकणार न्हाई." ते त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं होतं. मी आशीर्वाद म्हणून घेतलं.

बोलायचं काम मला गुलाबमामांनी दिलं. गुलाबमामांचा तंबूचा सिनेमा होता. सुगीनंतर ते तासगाव, इस्लामपूर, कराड असे गावोगाव तंबू ठोकत आणि पावसाळ्यात सांगलीत येऊन कापड दुरुस्त करत बसत. त्यांचा ओरडणारा माणूस घसा बसून घरी गेला होता. मी टांग्यात पत्र्याचा कर्णा घेऊन उभा राहायचो, पुढं एक हलगीवाला, आणि गल्लोगल्ली आजच्या खेळाची बोंब मारत फिरायचो. आज माझी नात एका कंपनीत असलंच काम करते. तिच्या कार्डावर त्या कामाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि त्यासाठी ती दोन वर्षं पुण्यात शिकली. आमच्या वेळी त्याला बोंब मारणं म्हणत आणि ते टांग्यातच शिकायला मिळे.

लढाई संपली त्याच्या पुढच्या सुगीत गुलाबमामांच्या डोक्यात फटफटीच्या शर्यतीची कल्पना शिरली. ती सर्जेरावामुळं. सर्जेराव हा पाटणकडचा, कोयनेच्या खोऱ्यातला मराठा गडी. पलटणीत तो फटफटीवरून एका छावणीचे कागद दुसऱ्या छावणीत पोचवायचा. इटलीत होता. परत आल्यावर त्यानं मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या सामानातून एक खाकी फटफटी उचलली आणि तिच्यावर बसून गावी गेला. गावानं आरती केली, पण शेतात फटफटीचा उपयोग काय हे कुणालाच सांगता येईना. त्याच्या थोरल्या भावानं तिला मोट जोडता येते का हेही बघितलं म्हणे. शेवटी सर्जेराव काम शोधत सांगलीला आला आणि गुलाबमामांनी त्याला तंबूच्या दारात गाठला. मुंबईत अशा शर्यती होतात, गोरे लोक टाळ्या वाजवतात, हे मामांनी कुठं तरी ऐकलं होतं. मुंबईचा एक पीटर नावाचा रायडर आणून त्याची आणि सर्जेरावाची शर्यत लावायची, माळाला तंबूच्या कापडाचं कुंपण घालायचं आणि तिकीट लावायचं, असा बेत ठरला. आणि त्याची सगळी जाहिरात माझ्याकडं आली. मी विशीच्या आतला होतो. मला दुसरं काही सुचेचना. रात्रीचा झोपेत ओरडायला लागलो, तेव्हा आक्कानं माझं अंथरूण दुकानाच्या माळ्यावर हलवलं.

पहिल्यांदा मी सर्जेरावाला घरी जेवायला आणला, तो दिवस आठवला की अजून हसू येतं. अंगानं हा पहाडासारखा, आणि बोलणं मात्र असं की प्रत्येक शब्द रेशनवर मिळाल्यागत जपून वापरायचा. आक्कानं भाकरीवर भाकरी वाढली, तो खाली मान घालून जेवत राहिला. मधेच त्यानं मान वर केली आणि अगदी अदबीनं विचारलं, "आक्का, कांदा हाय का वाईच?" घरात अशी शांतता पसरली की पुढं दुकानात उंदीर चालल्याचं ऐकू आलं. आपलं काहीतरी चुकलं हे त्याच्या ध्यानात आलं, पण काय ते कळेना. मग तो उठला, खिशातून स्वतःचा कांदा काढला, बाहेर गल्लीत जाऊन भिंतीवर बुक्कीनं फोडून खाल्ला, चूळ भरली आणि परत येऊन ताटावर बसला. आक्का पदर तोंडाला लावून आत गेली. ती रागानं गेली असं मला वाटलं, पण आतून भांडं वाजलं नाही, तेव्हा कळलं की ती हसत होती.

अण्णांचा फटफटीला विरोध होता, आणि तो धर्माचा होता. जेवण झाल्यावर त्यांनी सर्जेरावाला जवळ बसवून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, एवढ्या वेगानं जाताना चाकाखाली किती किडामुंगी मरत असतील, याचा त्यानं कधी विचार केला का. मी मनात म्हटलं, संपलं. सर्जेरावानं मात्र प्रश्न मनावर घेतला. बोटांवर मोजून तो म्हणाला, "अण्णा, बैलगाडीला दोन चाकं, आन वर बैलांचं आठ पाय. हिला नुसती दोन चाकं हायत." दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांकडं पुष्कळ वेळ बघत होते.

जाहिरात मी जीव ओतून केली. छापखान्यात गुलाबी कागदावर हँडबिलं काढली. त्यात एका बाजूला 'साताऱ्याचा वाघ सर्जेराव' आणि दुसऱ्या बाजूला 'मुंबईचा तुफान पीटर, सहा फूट उंच' असं ठळक टाइपात घातलं. पीटरला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. सहा फूट मी घातले, कारण ओळीत तेवढी जागा उरली होती. पेट्रोल रेशनवर, म्हणून फटफटी फार फिरवायची नाही असं ठरलं. ती बैलगाडीत घालायची, शेजारी सर्जेराव छाती काढून बसायचा, पुढं मी आणि हलगीवाला. असे आम्ही मिरज, तासगाव, कराड करत थेट आटपाडीच्या बाजारापर्यंत गेलो. आटपाडी म्हणजे पाण्याची ओढ असलेला मुलूख. तिथं एका म्हाताऱ्यानं फटफटीभोवती फेरी मारून विचारलं, ही पाणी किती पिते. पाणी नाही, तेल पिते, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग बरं हाय. हिला आमच्याकडं ठेवा."

अडचण एकच होती, सर्जेरावाचा खरेपणा. कराडच्या बाजारात मी कर्ण्यातून सांगत होतो की या वाघानं इटलीच्या डोंगरात अंगावर येणाऱ्या गोळ्या चुकवत सेनापतीचा कागद पोचवला. लोक आ वासून ऐकत होते. तेवढ्यात पुढच्या एकानं थेट सर्जेरावालाच विचारलं, "व्हय का वो पाव्हणं?" सर्जेराव म्हणाला, "गोळ्या न्हवत्या. पाऊस हुता. मी चिखलात पडलो." लोक असे हसले की हलगीवाल्याच्या हातातली टिपरी पडली. मी त्याला गाडीच्या आडोशाला नेऊन हात जोडले, बाबा रं, तू बोलू नकोस. तो म्हणाला, बरं. आणि तो खरोखरच बोलायचा थांबला. पुढच्या गावापासून कुणी काहीही विचारलं तरी तो नुसता समोर बघत बसे. याचा परिणाम मात्र माझ्या सगळ्या ओरडण्यापेक्षा मोठा झाला. वाघ कुणाशी बोलत नाही, त्याच्या मनात मुंबईवाल्याबद्दल राग धुमसतोय, अशी बातमी आमच्या आधीच पुढच्या गावाला पोचायला लागली. पुढं मी मोटारींच्या शर्यतींच्या जाहिरातीत सगळा जन्म काढला, चांगले चांगले रायडर आणि ड्रायव्हर हाताळले, आणि त्या सगळ्यांना सर्जेरावाची ही गोष्ट सांगितली. ऐकली कुणीच नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून माळाकडं माणसांचा लोंढा लागला. उसाची तोड संपली होती, हातात वेळ होता. मळ्यातली माणसं बैलगाड्या घेऊन, भाकऱ्या बांधून आली होती. पलटणीतून रजेवर आलेले शिपाई तर आधीपासूनच सर्जेरावाच्या बाजूनं भांडायला तयार होते. तंबूचं सगळं कापड माळाभोवती लागलं होतं. गुलाबमामांचं पोट ज्यावर चालायचं ते सगळं त्या दिवशी काठ्यांना बांधलेलं होतं, आणि माणसं त्याला टेकून उभी होती. अण्णा येणार नाहीत असं त्यांनी सांगितलं होतं. पण आक्कानं आपण शेजारणींबरोबर जाणार असं जाहीर केलं, तेव्हा तिला एकटं कसं पाठवायचं म्हणून ते छत्री घेऊन आले आणि माळाकडं पाठ करून बसले.

मी स्टेशनवर पीटरला आणायला गेलो. गाडीतून सहा फुटी माणूस उतरेचना. सगळा डबा रिकामा झाल्यावर एक चष्मेवाला, किरकोळ अंगाचा, पोस्टात कारकून शोभेल असा तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि गोव्याकडच्या गोड हेलात म्हणाला, "मी पीटर." मी विचारलं, फटफटी कुठं आहे. तो कावराबावरा झाला. पुण्याला गाडी बदलायची होती. तो चहा प्यायला उतरला, आणि सामानाच्या डब्यातली फटफटी उतरवून घ्यायची विसरला. ती गाडी तशीच पुढं निघून गेली. त्याची फटफटी त्या घटकेला सोलापूरच्या वाटेवर होती. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडायला सवड नव्हती. मी त्याला टांग्यात घातलं आणि वर माझं उपरणं पांघरलं, म्हणजे वाटेत कुणाला उंचीचा अंदाज येऊ नये.

माळावर येऊन मी हे सांगितलं, तेव्हा गुलाबमामांनी आधी तंबूच्या कापडाकडं बघितलं. शर्यत दोघांची आणि फटफटी एक. सिनेमा मधेच तुटला तर लोक खुर्च्या मोडतात, इथं तर खुर्च्याही नव्हत्या, नुसतं कापड होतं. पीटरनंच हळूच सुचवलं की एकाच गाडीवर आधी एकानं पाच फेऱ्या माराव्यात, मग दुसऱ्यानं, आणि कुणाला वेळ कमी लागला ते बघावं. परदेशात अशीही शर्यत असते म्हणे. मला ते पटलं, पण लोकांना कसं पटवायचं? दोघं एका वेळी धावत नाहीत तर पुढं कोण आणि मागं कोण हे दिसणार कसं? मी कर्णा घेऊन उभा राहिलो आणि जे झालं होतं ते तसंच्या तसं सांगितलं, अगदी सोलापूरसकट. माझा असा समज होता की आता दगड येतील. पण माझ्यावर त्यांचा इतका अविश्वास होता की खरं सांगितलेलंही कुणाला खरं वाटलं नाही. मुंबईवाला वाघाला भ्यायला म्हणून गाडी लपवून आला, असं एकजण ओरडला आणि सगळा माळ हसायला लागला. आता त्यांना शर्यत हवीच होती. गुलाबमामांनी खिशातलं घड्याळ काढलं, तेव्हा मात्र तासगावकडचा एक शेतकरी पुढं आला. त्याचं म्हणणं असं की घड्याळ यांचंच, वाघही यांचाच, मग निकालही यांनाच पाहिजे तसा लागणार. "मोजायचंच असंल तर चौगुले अण्णांना मोजू द्या," तो म्हणाला. "ते हितं बसल्यात पाठ करून."

अण्णांची मोजणी आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. पायलीनं धान्य मापताना ते एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, ही जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार असं गाण्यासारखं, एका लयीत. गिऱ्हाईक घाईचं असो, हमाल दमलेला असो, बाहेर मारामारी चाललेली असो, दोन आकड्यांमधलं अंतर कधी बदलत नसे. शेतकरी डोळे मिटून माप घ्यायचे. पण शर्यतीत मोजायचं म्हटल्यावर अण्णांनी सरळ नकार दिला. आपण तमाशातलं माणूस नाही, असं म्हणाले. तेव्हा आक्का त्यांच्या शेजारी बसली होती. माळावर वाजवायला तिच्याजवळ भांडं नव्हतं. तिनं नुसती छत्री मिटली. अण्णा उठले. कर्णा त्यांनी हातात घेतला नाही. पुढच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "आकडा निघंल त्यो निघंल. मागनं कुणी भांडायचं न्हाई." मी ते कर्ण्यातून मागच्यांना सांगितलं. वडिलांचा शब्द मी जसाच्या तसा पुढं पोचवला, असा तो पहिलाच प्रसंग.

सर्जेराव आधी निघाला. अण्णा एका पोत्यावर उभे राहिले, हात मापासारखा पुढं मागं करत, लाभ, दोन, तीन. पहिल्या फेरीत एकटे अण्णा मोजत होते. दुसऱ्या फेरीत पुढचे लोक मोजायला लागले. तिसरीत हलगीवाल्यानं तीच लय धरली आणि सगळा माळ एका आवाजात आकडे म्हणू लागला. मला करायला काही उरलंच नाही. मी कर्णा खाली ठेवला आणि मीही मोजायला लागलो. आणि चौथ्या फेरीला, सगळ्या पलीकडच्या वळणावर, एक कुत्रं आत शिरलं, वाटेच्या बरोबर मध्यावर बसलं आणि मागच्या पायानं कान खाजवायला लागलं. सर्जेरावानं ब्रेक मारला, फटफटी तिरकी झाली, धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा तो कुत्र्यासमोर हातभर अंतरावर पाय टेकून उभा होता. अण्णांचा हात हवेत थांबला. त्यांनी पुढचा आकडा म्हटला नाही, म्हणून लोकांनीही म्हटला नाही. सगळा माळ तोंड उघडं ठेवून त्या कुत्र्याकडं बघत होता. त्याची खाज काही संपेना. शेवटी ते उठलं, अंग झाडलं आणि सावकाश कापडाखालून निघून गेलं. सर्जेराव सुटला, आणि अण्णांनी जिथं सोडलं होतं त्याच्या पुढच्या आकड्यापासून मोजायला सुरुवात केली. यावर तक्रार पीटर करू शकला असता. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो टाळ्या वाजवत होता.

मग पीटर निघाला. गाडीवर बसल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे चष्मा काढून खिशात घातला. पुढं बसलेल्या बायका घाबरून मागं सरकल्या. आणि मग मी जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. सर्जेराव फटफटी चालवायचा ती मारका बैल आवरावा तशी, दोन्ही हातांनी दाबून. पीटर तिच्यावर नुसता बसला होता. वळण आलं की तो आणि गाडी मिळून जमिनीकडं कलत, गुडघा मातीला लागेल असं वाटे, आणि पुन्हा दोघं मिळून उभे राहत. तीच मिलिटरीची खाकी गाडी, तोच माळ, पण इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला होता. इतके दिवस मी गावोगाव ज्या गोष्टीची बोंब मारत होतो ती मी स्वतः कधी बघितलीच नव्हती. ती त्या दिवशी बघितली. शेजारी सर्जेराव उभा होता. कराडनंतर सगळ्या दौऱ्यात न बोललेला माणूस स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आयला, माझी गाडी आशी बी पळती व्हय?"

पीटरचा आकडा कमी निघाला. थोडाच, पण कमी. गुलाबमामा अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाले की एखादा आकडा इकडचा तिकडं झाला तर कुणाचं काय जातं. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि मामा दोन पावलं मागं सरकले. आकडे तर लोकांनीही मोजले होते, पण स्वतःच मोजलेलं त्यांना मान्य होईना. वाघ हरला? साताऱ्याचा? शिपाई लोक बाह्या सारायला लागले. कापडाच्या काठ्या हलायला लागल्या. पीटर खिशात चष्मा चाचपत माझ्या मागं येऊन उभा राहिला. अण्णांनी मला खूण केली, सांग. मी कर्णा उचलला. खोटं बोलायची सोय नव्हती, अण्णा पोत्यावर उभे होते. नुसतं खरं बोललो असतो तर पीटर जिवंत मुंबईला गेला नसता.

मी म्हटलं, "पीटर जिंकला." आरडाओरडा उठला. तो जरा ओसरू दिला आणि मग फुप्फुसात होता नव्हता तो सगळा वारा भरून विचारलं, "पण पळाली कुणाची गाडी? मुंबईची गाडी गेली सोलापूरला. पळाली ती साताऱ्याची गाडी. मुंबईवाल्याला घेऊन पळाली, आन जिंकली!"

एका शिपायानं टोपी उडवली. मग सगळे माळावर धावले. त्यांनी पीटरला उचललं नाही, सर्जेरावालाही उचललं नाही. त्यांनी फटफटी उचलली. खांद्यावर घेऊन, हलगी पुढं घालून, गुलाल उधळत ती सगळ्या माळावरून मिरवली आणि नंतर सांगलीच्या रस्त्यानं पेठेपर्यंत नेली. रेशनचं पेट्रोल वाटभर सांडत गेलं. पेठेत आमच्या दुकानासमोर पाच सुवासिनींनी तिला ओवाळलं, त्यात आक्का पुढं होती. मागून सर्जेराव आणि पीटर पायी चालत आले. सर्जेराव त्याला हातवारे करून वळण कसं घेतलं ते विचारत होता. त्याला इतकं बोलताना मी प्रथमच ऐकलं. हरल्याबद्दल वाईट वाटतं का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बरं झालं गड्या. वाघ व्हऊन लय कटाळा आला हुता." पुढं दोनच दिवसांत तो पीटरबरोबर त्याची गाडी शोधायला सोलापूरला गेला आणि तिथून मुंबईला. दोघांनी मिळून फटफट्या दुरुस्तीचं दुकान काढलं. त्यानं मला पत्र कधीच लिहिलं नाही, पण मुंबईला गेलो की मी तिथं जाऊन बसायचो, आणि तो मला चहा पाजून गप्प बसायचा.

शर्यतीनंतर आठवडाभर दुकानात गर्दी होती. लोक पायलीभर ज्वारी घ्यायला येत, पण खरे येत ते अण्णांना मोजताना बघायला. त्याच आठवड्यात कोल्हापूरचे एक टायरचे व्यापारी आले. कोट, डोक्याला फेटा, हातात काठी. ते त्या दिवशी माळावर होते. आता सगळीकडं मोटारी येणार, असल्या शर्यती गावोगाव लावायच्या, लोकांपर्यंत टायरचं नाव न्यायचं, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यासाठी एक माणूस नोकरीला पाहिजे म्हणाले. मी गादीवर सरसावून बसलो. पण ते माझ्याकडं बघतही नव्हते. त्यांना अण्णा पाहिजे होते. असा माणूस मैदानावर उभा राहिला तर लोक कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. आतल्या दारात आक्काच्या बांगड्या वाजल्या. अण्णांनी हात जोडून सांगितलं की त्यांना दुकान सोडून जाता येणार नाही. व्यापारी निराश होऊन उठायला लागले, तेव्हा अण्णांनी बोटानं माझ्याकडं दाखवलं आणि म्हणाले, हा घेऊन जावा.

व्यापाऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. या पोराचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि सहा फुटी पीटरचं हँडबिलही त्यांच्याजवळ होतं. ते काठीवर हात ठेवून अण्णांना म्हणाले की तुमचा शब्द मी प्रमाण मानतो, आता तुम्हीच सांगा, मुलगा कसा आहे.

अण्णांनी आयुष्यात कुठल्या पोत्याची तारीफ केली नव्हती, आणि कुठल्या पोत्यावर खोटा आळही घेतला नव्हता. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं, सुपात घेऊन बघावं तसं. मग त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "माल चांगला हाय. खडे हायत थोडं. निवडून घ्यावा लागंल."

त्याच दुपारी मी टायरवाल्यांच्या मोटारीत बसून कोल्हापूरला गेलो.